ओढ्याचा खरा रंग

माझ्या गोळ्यांना कोणीतरी हात लावला होता. नाव घेत नाही; पण या घरात सकाळी सकाळी फडकं घेऊन फिरणाऱ्यांची टंचाई नाही.

गोळे म्हणजे माझ्या कलर पॅनेलचे. व्हिडिओचे रंग जुळवायचं हे यंत्र. त्यावर तीन गोळे: एक सावल्यांचा, एक उजेडाचा, एक मधल्या सगळ्याचा. गोळा ज्या बाजूला फिरवाल, तिकडे चित्राचा रंग झुकतो. (आई त्याला शेगडी म्हणते.) या पॅनेलवर मी नवरा-नवरीला गोरं करून देत नाही. तत्त्व आहे माझं. (त्यामुळे सवड भरपूर.)

पण त्या दिवशी काम होतं. वरच्या अंगाच्या रंग-कारखान्याने वस्तीचा ओढा पिवळाजर्द करून टाकला होता. आता विहिरीलाही तोच रंग चढत होता. दुपारी नगरपालिकेत सुनावणी, आणि पुरावा माझी फिल्म! "जसं आहे तसं दाखवीन," असा शब्द मी अख्ख्या वस्तीला दिला होता.

रात्रभर डोळे चुरचुरत होते. बायकोने कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचा नवा चष्मा आणला होता, तो नाकावर चढवला आणि फिल्म उघडली. फिल्ममधल्या डॉक्टरांचा पांढरा कोट चक्क पिवळा!

"पॅनेल कोणी पुसलं?"

"मी," आई म्हणाली. "गोळे काढून, धुऊन, परत बसवले."

"धुतले? आई, नाजूक असतात ते!"

"मग? भांड्यांच्या साबणाने नाही धुतले. अंगाच्या साबणाने धुतले."

कपाळाला हात लावून मी वर पाहिलं, तर आईही पिवळी.

"आई, तुला कावीळ तर नाही ना?"

"कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. जीभ काढ बघू."

मी काढली. (सत्यासाठी काय काय करावं लागतं!) आईने मान हलवली आणि फडकं घेऊन पुढच्या खोलीत गेली.

मी उजेडाचा गोळा निळ्याकडे ढकलला. मग मधला. मग सावल्यांचा. घाम पुसत, घड्याळाकडे बघत, कोट पांढराशुभ्र होईपर्यंत ढकलत राहिलो.

"मला एकदा दाखव ना," बायको म्हणाली.

"वेळ नाही. आणि रंग हा माझा विषय आहे!"

सुनावणीला वस्तीतली माणसं दाटीवाटीने बसली होती. दिवे मालवले, फिल्म सुरू झाली, आणि सगळीकडे एकदम शांतता. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात बायकोचं कोपर बरगडीत बसलं. "अरे, तो चष्मा काढ."

"का?"

"पिवळ्या काचा आहेत त्याला!"

काढला. पडद्यावर डॉक्टर निळे, म्हातारे निळे, म्हशी निळ्या, आणि त्यांच्यामधून निळाशार, नितळ, खळाळणारा आमचा ओढा.

दिवे लागले. अध्यक्षांनी कागद चाळले. "पाणी तर सुंदर आहे. तक्रार नेमकी कशाची?"

मी चष्मा गुपचूप खिशात कोंबला. दिव्याच्या बटणापाशी उभा असलेला शिपाई तेवढ्यात माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"साहेब, हे ठिकाण कुठं आलं हो? सुट्टीत पोरांना पोहायला न्यावं म्हणतो."