बाळभाईंच्या धोंड्यांचं गाऱ्हाणं

‘वाडीतील समस्त ग्रामस्थ, मुंबईहून आलेले चाकरमानी व त्यांचे पाहुणे यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गडग्यावरून एक दगड बेपत्ता झाला आहे. वय काही लाख वर्षे. रंग भुरा. पाठीवर शिंपल्याचा ठसा. स्वभाव शांत. आढळल्यास हात न लावता खाली सही करणाऱ्यास कळवावे.’

मे महिन्यातल्या एका सकाळी ही जाहीर सूचना आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली सही बाळभाईंची. माझ्या बायकोने, म्हणजे मंगलने, ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्याकडे मी नंतर येतो.

बाळभाई आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढा जांभ्याचा गडगा, बाकी सगळं सामाईक. उभी हयात ओरोसच्या कचेरीत गेली. निवृत्त होऊन आचऱ्याला परतले, तेव्हा लोकांना वाटलं आता सुपारी लावतील, पंचायतीत भांडतील. भाईंनी दगड गोळा करायला घेतले. वाळूचा दगड होताना त्यात अडकून पडलेले शिंपले, गोगलगाईंचे ठसे, कसल्या तरी फांदीचा काळाठिक्कर तुकडा. सगळं गडग्यावर ओळीने मांडलेलं, प्रत्येक दगडाखाली नारळाच्या सोडणाची गादी. दगडाला गडगा टोचतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्याकडे घाईला एकच उत्तर होतं. “हो धोंडो लाखो वर्षां थांबलो आसा, तू दोन मिनटां थांब.” हे ते मला सांगत, गॅसवाल्याला सांगत. एकदा तर आचरा तिठ्यावर एस्टीच्या कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर थांबला नाही. भाई दगड छातीशी धरून चालत घरी आले.

तेव्हा आक्का होती. आक्का म्हणजे भाईंची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी माहेरी आली आणि भावाचं घर तिने असं ताब्यात घेतलं, की भाईंना लग्नाचा विचार करायलाही तिची परवानगी लागली असती. रोज ओहोटीला दोघं खाडीच्या तोंडाशी जात. आक्का वाळू उकरून तिसऱ्या काढायची, भाई खडकांत दगड हुडकायचे. दोघंही शिंपलेच गोळा करत. तिचे ताजे, यांचे शिळे. भाई एखादा ठसा नाचवत आणून दाखवायचे आणि आक्का मान वर न करता विचारायची, “बाळ्या, ह्येचा सार होता काय?”

आता भाईंची खरी गंमत सांगतो. ते दगड उचलून सरळ पिशवीत टाकत नसत. आधी गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे देवासमोर उभं राहून एकाने खणखणीत आवाजात मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा, ही रीत. होकार आला नाही, तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचलंच नाही. हे साकडं जत्रेत घालतात, नव्या होडीला घालतात. धोंड्यासाठी घालणारे जगात एकटे बाळभाई. दगड दोन्ही हातांत धरून ते समुद्राकडे तोंड करून उभे राहत. हा तुझ्या पोटातला धोंडा घरी नेतोय, चुकलं-माकलं सांभाळून घे, असं सगळं साग्रसंगीत. आणि मागून, चिखलात कोपरापर्यंत हात घातलेली आक्का, जांभई दिल्यासारखं म्हणायची, “व्हय म्हाराजा.” मग दगड पिशवीत.

तर तो बेपत्ता दगड. मंगलने खारातले आंबे घातले होते. आंबे वर तरंगू नयेत म्हणून बरणीत दडपण लागतं. गडग्यावर वजनाचा, गोल, धुतलेला दगड आयता दिसला. गडग्यावरून तिचं आणि भाईंचं आधीच जुंपलेलं; तिला आमसुलं वाळत घालायला जागा हवी असायची. तिने उचलला. सूचना वाचून तिची बोलायची छाती झाली नाही, आणि बरणी उघडली ती थेट श्रावणात. खाराने ठसा साफ खाल्ला होता. उरला होता एक गुळगुळीत गोटा.

मंगल तो पदरात घेऊन गडग्याशी गेली. भाईंनी दगड हातात फिरवला, हुंगला, पुन्हा फिरवला. ठसा होता तिथे अंगठा टेकवून उभे राहिले. तेवढ्यात पडवीतून आक्का म्हणाली, “बाळ्या, शेवटाक ह्येचा सार झालाच मरे.” भाई हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, ते कुणी विचारलं नाही. गोटा पुन्हा सोडणाच्या गादीवर बसला.

दिवाळीनंतर आक्का गेली. तिसऱ्या निवडता निवडता डोकं दुखतं म्हणून आडवी झाली, ती उठली नाही. निवडलेल्या तिसऱ्या सुपात तशाच राहिल्या.

बारावं झाल्यावर भाई पुन्हा किनाऱ्यावर जायला लागले. लोकांना बरं वाटलं, माणूस सावरला. मंगलला मात्र वाटलं नाही. ती म्हणाली, भाई रोज जातात आणि रिकामी पिशवी घेऊन येतात. गडग्यावर नवा दगड नाही. गडगा अर्धा मोकळा होता, तरी तिने तिथे काही वाळत घातलं नाही.

एका संध्याकाळी मासे घ्यायच्या निमित्ताने आम्ही दोघं खाडीच्या तोंडाशी गेलो. भाई पाठमोरे होते. त्यांनी खडकातून एक दगड काढला, पाण्यात धुतला, गाऱ्हाणं घातलं. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. मग ते थांबले. वारा होता, लाटा होत्या. भाईंनी दगड जिथून काढला तिथेच परत ठेवला, वरून वाळू सारखी केली आणि चार पावलं पुढे जाऊन दुसरा उचलला. पुन्हा तेच. पुन्हा थांबणं, पुन्हा ठेवणं.

मी माशांची पिशवी वाळूवर ठेवली.

भाईंनी आणखी एक दगड छातीशी धरला.

“बा समुद्रा म्हाराजा, हो तुझो झील, तुझो पोरगो, आज तुझ्या दारात उभो आसा. तुझ्या पोटातलो हो धोंडो घराक नेतंय. घराक आता बघूक कोण नाय, पण गडग्यार जागा आसा. चुकला-माकला सांभाळून घे रे म्हाराजा.”

आणि ते थांबले. वाकायला लागले.

माझ्या शेजारी मंगल उभी होती. गडग्यासाठी भांडलेली, दगड खारात घातलेली मंगल. तिने तोंडावर पदर धरला होता, तरी तिच्या तोंडून निघून गेलंच:

“व्हय म्हाराजा.”