आठ खिडक्यांचा मोहोरबंद नमुना

जिल्ह्यातल्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला आठ खिडक्या होत्या आणि एकीलाही पडदा नव्हता, ही बाब १९७४ सालच्या चैत्रात प्रथमच शासनाच्या निदर्शनास आली. गाडी पत्र्याची. तिच्यातच औषधांचं कपाट, स्टोव्ह आणि परिचारिका सोजरबाईंची झोपायची फळी. ड्रायव्हर कुंडलिक बाहेर चाकाशेजारी पथारी पसरायचा. नातेपुत्यापासून दुधनीपर्यंत महिनोन्‌महिने दोघांचा मुक्काम गाडीवरच. कुंडलिक आमच्या दुधनीचा, म्हणून यातला शब्द न्‌ शब्द मला ठाऊक आहे.

सोजरबाई सोलापूरच्या कार्यालयात अधीक्षक वेणीमाधवरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, दुपारचं आत बसवत न्हाय. लसीच्या पेटीतला बर्फ टिकत न्हाय आन्‌ मी तर पार शिजतीया. काचंला कायतरी जाड लावून द्या, न्हायतर माझी बदली करा."

"उष्णतेचा पुरावा?"

"हात लावून बघा की."

"हात हे शासनमान्य उपकरण नाही."

शासनमान्य उपकरण गाडीत एकच होतं, रोग्याचा ताप बघायचं. ते भरदुपारी खिडकीला टेकवण्यात आलं. पारा एकशे दहाच्या रेघेवर थांबला, कारण पुढे नळीच संपली होती. 'तापमान एकशे दहाच्या वर गेल्याचे आढळले नाही,' असा अहवाल झाला. तरीही ताप तो तापच, म्हणून गाडीच्या नावाने केसपेपर काढून तिला तीन दिवस विश्रांती देण्यात आली.

त्या तीन दिवसांत सोजरबाईंनी खताची रिकामी पोती उसवली, आत जुन्या गोधडीचं अस्तर घातलं आणि आठ खिडक्यांना आठ जाड झडपा शिवल्या. वरून पाणी शिंपडलं की आत माठात बसल्यासारखं वाटे. खर्च शून्य. त्यामुळे चौकशी लागली.

चौकशीला भांडारप्रमुख सिद्धनाथ आले. गाडीत बसून त्यांनी झडपांचं दोन तास निरीक्षण केलं, त्यातला पाऊण तास घोरत. उठल्यावर शेरा लिहिला, 'नमुना सर्वोत्कृष्ट. खरेदीस शिफारस.' आणि खरेदी व्हायची म्हणजे मंजूर नमुना लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवायचा, हा नियमच होता.

"एक तरी ऱ्हाऊ द्या की," सोजरबाई म्हणाल्या.

"आठ खिडक्यांची आठ मापं, बाई. आठही नमुनेच."

"मग तवर मी काय लावू?"

"नमुना वापरला तर झिजेल. झिजला तर माल कशाशी ताडून बघायचा?"

झडपा कपाटात गेल्या आणि गार राहिल्या. निविदा निघाली. साखर पेठेतल्या सुंदरम्मांनी आपल्या मागावर विणलेल्या दुहेरी चादरींच्या आठ झडपा आणून दाखवल्या. सिद्धनाथांनी मोहोर फोडून ताडून बघितलं.

"नमुन्यावर 'युरिया ५० किलो' आहे. तुमच्यावर मोर आहे."

"साहेब, चादरीवर मोरच असतोय. खत कशाला घालू?"

"नमुन्याबरहुकूम पाहिजे."

सुंदरम्मा धंद्याच्या पक्क्या होत्या. त्यांनी मोर काढला आणि लाल सुतात 'युरिया ५० किलो' विणून दिलं. यात वैशाख गेला. तोवर सोजरबाई डोक्यावर ओला पंचा टाकून सुया देत राहिल्या आणि कुंडलिककडून ऐकून मला त्यांची दया येई. ज्येष्ठात झडपा लागल्या. गाडी दुधनीला आली, त्या दुपारी सोजरबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसल्याचं कुंडलिक सांगतो.

त्या साली आमच्याकडे युरियाचं नखही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपासून अडत बाजारापर्यंत रांग लागली होती.

"खत न्हाय वो, सुई हाय," कुंडलिक ओरडून सांगत होता.

"व्हय, ठाव हाय," रांगेतले आप्पा म्हणाले. "सुई घेतल्याबिगर पोतं देत न्हाईत."

दिवसभरात अकराशे दंडांना पटकीची लस टोचली गेली. वर्षाचं उद्दिष्ट एका दिवसात पुरं झालं. सोलापुरात पेढे वाटले गेले आणि वेणीमाधवरावांचा आदेश तारेनं आला: 'जनतेचा प्रतिसाद अभूतपूर्व. रांगेस ऊन लागू नये म्हणून खिडक्यांच्या झडपा काढून रांगेवर मांडव घालावा.'

झडपा निघाल्या. बांबू रोवून आमच्या डोक्यावर गार सावली झाली. आत उघड्या काचांमागे सोजरबाई पुन्हा ओला पंचा बांधून सुया देऊ लागल्या. दुपारी त्यांना भोवळ आली, तेव्हा रांगेत थोडी कुजबुज झाली. आता नंबर कधी लागणार, एवढ्याबद्दलच.

हो, मी रांगेतच होतो. माझी गुंठाभरही जमीन नाही, पण पिशवी आणली होती. आणि तुम्ही आत्ता हसताय, ते ठीक आहे. माझ्या मागचा नंबर तुमचा होता. माझ्या खांद्यावर बोट टेकवून तुम्ही फक्त इतकंच विचारलं होतंत, "काय वाटतायत हो?"