सूरजच्या नावावर एक फाउल

हरणाबाईंनी अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, की रविवारी साताऱ्यात त्यांचा सूरज चाळीस करणार. चाळीस काय करणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर पंचाईतच होती, कारण तो आकडा त्यांनी तीन वर्षांपूर्वी फोनवर ऐकला होता आणि तेव्हापासून सणासुदीच्या लुगड्यासारखा जपून वापरला होता.

सूरज म्हणजे सहा फूट चार इंच. कवठे महांकाळच्या माळावर तो उभा राहिला की बाभळी ठेंगण्या वाटायच्या. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातलं हे पोर फौजेत गेलं, तिथं कुणीतरी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला, आणि पुढं दहा वर्षं त्यानं तो खाली ठेवला नाही. आधी फौजेच्या संघात, मग बंगळूरच्या एका संघात पगार घेऊन. जाळीत चेंडू टाकायचा पगार मिळतो, हे हरणाबाईंना पटायला वर्ष गेलं. एकदा पटल्यावर मात्र त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं, की बाजारात बायका त्यांना लांबून बघूनच बोळ बदलायच्या.

गेल्या वर्षी सूरज साताऱ्यात आला. साताऱ्याच्या संघात हाय, एवढंच तो फोनवर सांगायचा. परवा म्हणाला, रविवारी सांगलीसंगं फायनल हाय. आवाज जरा दबका होता, पण हरणाबाईंनी तो रेंजच्या माथी मारला.

आग लावली ती धाकट्या जावेनं, विजयमालाबाईंनी. त्यांचा भाचा साताऱ्याला कारखान्यात होता. "आवं आक्का," त्या पीठ चाळता चाळता म्हणाल्या, "भाचा म्हनत हुता, सूरज आता खेळत न्हाई. नुसता कडंला उबा असतो."

हरणाबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "रविवारी पाचच्या गाडीला चल. डोळ्यानं बग."

सूरजला कळवायचं काही कारण नव्हतं. आईनं लेकाला बघायला जायचं तर परवानगी कुणाची? पिशवीत झेंडूचा भला मोठा हार घेतला, आणि सांगलीला गाडी बदलून, उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत, दोघी जावा साताऱ्याला पोचल्या. स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्यालाही चाळीसचं सांगून झालं.

स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा मिळाली. मैदानात उतरल्या त्या पोरी. हरणाबाई जराही डगमगल्या नाहीत. कुस्तीच्या फडात तरी काय असतं? आधी बारक्यांच्या कुस्त्या, मोठी जोड शेवटाला. हे त्यांनी विजयमालाबाईंना समजावून सांगितलं, शेजारच्या चार माणसांनाही सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांना सूरज दिसला.

इस्त्रीची पँट, कॉलरचा शर्ट. रेघेच्या बाहेर उभा. पोरींना हातवारे करून काहीबाही ओरडत होता आणि दमला की एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसत होता. चेंडू एकदा त्याच्या पायाशी आला, तर त्यानं उचलून पंचाला देऊन टाकला. देऊन टाकला!

 विजयमालाबाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि एकेक शांतपणे फोडायला लागल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मध्यंतर झालं तशा हरणाबाई हार घेऊन खाली उतरल्या. आईला बघून सूरजचा चेहरा शाळा बुडवून ओढ्यात सापडलेल्या पोरासारखा झाला.

"का रं, तुला भाईर का बसिवलाय? कुटं हाय तुजा सायेब? बोलिव त्याला."

"आये, सायेब मीच हाय."

मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. डाव्या गुडघ्यातली लिगामेंटची दोरी तुटली, दोनदा ऑपरेशन झालं, खेळणं सुटून दीड वर्ष झालं. आता तो ह्या पोरींचा कोच होता. शिकवत होता. "आज जिंकलो तर पोरी राज्याच्या स्पर्धेला जात्यात," तो म्हणाला. "मग तुला सांगणार हुतो. सांगन्यासारकं कायतरी हातात यिऊ दे म्हनलं."

हरणाबाईंनी त्या खुर्चीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "धा वर्सं पळून ही मिळाली व्हय? असल्या चार आपल्या अंगनात हायत."

तेवढ्यात शिट्टी झाली. आईला परत पायऱ्या चढवायला वेळ नव्हता, आणि चढवली असती तरी ती वरून बोललीच असती. म्हणून सूरजनं त्यांना बाकावरच्या पोरींच्या शेवटी एका खुर्चीत बसवलं आणि हात जोडून सांगितलं, की काय बी झालं तरी उटू नगंस.

हरणाबाई बसल्या. मांडीवर हार, तोंडाला कुलूप. लेकानं दीड वर्ष लपवलं, हे काट्यासारखं आत सलत होतं. समोरचा खेळ त्यांना ओ का ठो कळत नव्हता. चेंडू कळत नव्हता, आकडे कळत नव्हते. पण पाय कळत होते. तीनशे मेंढरांच्या कळपात कुठलं मेंढरू पाय टेकताना कचरतं, हे त्या धुळीतूनसुद्धा सांगायच्या. आणि साताऱ्याची सगळ्यांत उंच पोर, कप्तान प्रांजल, उजवा पाय उशिरा टेकत होती.

टाइमआउट झाला. पोरी पाणी प्यायला आल्या तेव्हा हरणाबाईंनी तिला हळूच विचारलं, पायाला काय झालं गं?

"काय न्हाई आजी. बूट नवं हायत."

हरणाबाईंनी हे आधी ऐकलं होतं. हेच शब्द. चार वर्षांपूर्वी दिवाळीला सूरज सुट्टीवर आला होता. फाट्यापासून चालत येताना त्याचा डावा पाय उशिरा पडत होता. त्यांनी विचारलं होतं, आणि तो हसून म्हणाला होता, काय न्हाई आये, बूट नवं हायत. एवढा मोठा खेळाडू, एवढे मोठे बूट. चावत असतील, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

दीड मिनिट उरलं होतं. सातारा चाळीस, सांगली एकोणचाळीस. प्रांजलच्या हातात चेंडू आला, ती उडी घ्यायला वाकली, आणि हरणाबाई उठल्या.

ओरडल्या नाहीत, पळाल्या नाहीत. कळपात शिरावं तशा मैदानात शिरल्या, दहा पोरींतून नेमकी पाहिजे ती हेरली आणि मागून तिची पोटरी धरली. प्रांजल आश्चर्यानंच खाली बसली. हरणाबाईंनी गुडघ्याच्या आतल्या अंगाला अंगठा दाबला, तशी पोर कळवळून रडायला लागली.

पंच होते निवृत्त सुभेदार. त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत बरंच काही बघितलं होतं, पण असा फाउल नव्हता बघितला. शिट्टी फुंकत फुंकत ते जवळ आले आणि मावशींना बाहेर व्हायला सांगितलं.

"जरा दम धर की," हरणाबाई वर न बघता म्हणाल्या. "पोरीचा पाय बगतीया."

सुभेदारांनी खरंच दम धरला. मग टेक्निकल फाउल दिला. बाकावरच्या माणसानं घोळ घातला की तो कोचच्या नावावर लागतो, असा नियम आहे. सांगलीला एक फ्री थ्रो मिळाला, बरोबरी झाली. प्रांजल बाहेर. शेवटच्या काही सेकंदांत सांगलीनं अजून एक गुण काढला आणि सामना खिशात घातला.

साताऱ्याच्या पोरी मुसमुसत होत्या. हरणाबाई खुर्चीत अंग आवळून बसल्या होत्या, सुकलेल्या हारासकट. डॉक्टर प्रांजलला तपासून आले. दोरी ताणली आहे म्हणाले, तुटलेली नाही. अजून एक उडी मारली असती तर काही सांगता आलं नसतं. तीन आठवडे विश्रांती, मग पुन्हा खेळेल.

सूरज येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. हरणाबाई शिव्या ऐकायच्या तयारीत होत्या. जन्मभर दिल्या होत्या, एकदा ऐकायला काय हरकत?

"आये," तो म्हणाला, "माजा बी पाय तुला दिसला आसंल की तवा."

"दिसला हुता रं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हनलं, तू एवडा मोटा. तुला कळत आसंल."

"मला रोज दुकायचं. संगातनं काडतील म्हनून गप बसलो." तो प्रांजलकडे बघत होता. "आन आज ती माज्याम्होरं लंगडत पळत हुती, तर मी निस्ता फळ्यावरचा आकडा बगत हुतो."

"मग शिक की," हरणाबाई म्हणाल्या. "पाय बगायला मी शिकिवते. बाकीचं तू पोरींना शिकीव."

मग त्या उठल्या आणि त्यांनी लेकाच्या गळ्यात हार घातला. तो उभा असता तर त्यांचा हात पुरला नसता. ही खुर्ची अगदीच वाया गेलेली नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

परतीच्या गाडीत विजयमालाबाई कराडपर्यंत शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पर आक्का, जिंकली तर सांगलीच की. आपलाच जिल्हा."

हरणाबाई खिडकीबाहेर ऊस मोजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या बायका जमल्या. चाळीस झाले का, असं सगळ्यांनी विचारलं.

"झाले," हरणाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. आणि ते खरंही होतं.

"एकट्या सूरजनं?"

"त्याच्या पोरींनी."

"आन सूरजच्या नावावर किती?"

हरणाबाईंनी विजयमालाबाईंकडे बघितलं. विजयमालाबाईंनी पिठाची चाळण उचलली.

"एक हाय," हरणाबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "त्यो बी माजाच."