बयनाबाईचा अबोला आणि पाच देशांचा धूर

बयनाबाईचा अबोला म्हणजे बेल्याच्या पंचक्रोशीतलं नावाजलेलं हत्यार. त्या अबोल्यानं दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिचा नवरा नागोराव तर एकदा सतरा दिवस अळणी वरण मुकाट्यानं जेवला होता. बाईच बोलत नाही, तर मीठ मागायचं कोणाला?

म्हणून गावात सभा आहे असं कळलं तेव्हा ती लेकाला म्हणाली, "लखन, मी जित्ती असेपर्यंत पऱ्हाटीले कोणी हात लावून दाखवावा."

भानगड अशी होती की आसपासच्या पाच देशांनी मिळून धुराचा करार लिहायला घेतला होता. धुराला सरहद्द कळत नाही, एकाच्या चुलीचा दुसऱ्याच्या नाकात जातो, म्हणून. त्यात एक कलम कापसाचं होतं. वेचणी सरली की कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, शेतातच यंत्रानं बारीक करायची. घरी न्यायची नाही, जाळायची नाही. आणि बयनाबाईच्या घरामागं तर वर्षभराच्या चुलीची गंजी उभी असे, शेजारच्या वच्छलाबाईच्या गंजीपेक्षा बरोबर दोन हात उंच.

सभेला आदिलाबादहून शेतीखात्याच्या जान्हवी मॅडम आल्या. वच्छलाबाई बचतगटाची अध्यक्ष, म्हणून तिला खुर्ची मिळाली. बयनाबाईला सतरंजी. तिथंच अर्धं काम बिघडलं.

मॅडमनी नियम सांगितला. "मसुदा पाचही देशांकडे जाईल. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर कलम मान्य धरतील. इथंही तसंच. बोला, कोणाची हरकत आहे?"

"मले काय विचारता?" वच्छलाबाई खुर्चीतून म्हणाली. "बयनाबाईले विचारा. त्याहीचं तोंड मोठं हाये."

बाया हसल्या. बयनाबाईनं पदर ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि पुढ्यातला चहा बोटभर लोटला. सगळं गाव चपापलं. चार बायांनी आपलेही कप खाली ठेवले. चहावर साय धरली. आता या कलमाचं काही खरं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या.

"काय झालं माय?" लखननं घरी विचारलं.

"एक शबूद नाई बोल्ली मी," बयनाबाई ताठ मानेनं म्हणाली. "आता बसतीन रडत."

महिन्याभरानं कागद आला. लखननं वाचला, "हरकत आली नाही. महिलांनी शांतपणे ऐकून घेतले."

शांतपणे. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. तिनं लखनला मॅडमचा फोन लावायला लावला.

"हरकत नाई कशी? च्या पेल्ली नाई मी तुमची."

"आजी, मला वाटलं तुम्हाला साखर चालत नाही."

"मंग आता?"

"आता काही होत नाही. पाचही देशांकडून मुदतीत कोणी बोललं नाही. कलम मान्य झालं."

"पाचाईतून एकबी नाई?"

"नाही."

बयनाबाईनं फोन लखनला परत दिला. मग म्हणाली, "त्याहीले बी कोणी खुर्ची देल्ली नसन."

त्या साली वेचणी सरली आणि यंत्र आलं. एका दुपारात वर्षाची चूल भुसा होऊन मातीत गेली. जुनी गंजी अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुरली. मग सून सुवर्णा गॅसवर भाकरी टाकायला लागली आणि बयनाबाईनं ठेवणीतलं हत्यार काढलं. सुनेशी अबोला.

चौथ्या दिवशी ती आंघोळ करून आली, तर चुलीच्या जागी लखनची मोटरसायकल उभी.

"माही चूल?"

"आत्याबाई, तीन दिवस तुमी काई बोल्ल्या नाई," सुवर्णा कणीक मळता मळता म्हणाली. "मंग मंजूर समजलो आमी."

बयनाबाई घरामागं गेली. गंजीच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन तेवढा उरला होता. त्याच्या मधोमध उभं राहून ती मोठ्यानं म्हणाली, "माही हरकत हाये."

एका कोंबडीनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा उकरायला लागली.