त्याला चालेल

आमच्या सासऱ्यांच्या हातात कप दिला, की ते आधी तो उलटा करतात. म्हणून त्यांना चहा नंतर ओतायचा. "बूड बघावं, मग मत द्यावं," हे त्यांचं ब्रीद.

बुडावर 'मेड इन चायना' दिसलं की वस्तू बाद. जर्मनीत गेर्लिंगेनला आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले, आणि पहिल्या आठवड्यातच इस्त्री, छत्री आणि आमच्या लेकीचं, इराचं खेळण्यातलं अस्वल तळघरात, म्हणजे आमच्या केलरमध्ये रवाना झालं. विजेची किटली कशीबशी टिकली होती. एकदा काठोकाठ भरली, उतू गेली.

"बघा जावईबापू, चिनी दुस्साहसवाद!" अप्पा म्हणाले. किटलीही खाली गेली.

अप्पा सोलापूरच्या गिरणीतले जुने कॉम्रेड. रशिया आणि चीनचं फाटलं, इकडे पक्ष फुटला, तेव्हा अप्पा मॉस्कोकडे राहिले आणि धाकटा भाऊ वसंता पेकिंगकडे गेला. दोघांनीही ही गावं नकाशातच पाहिलेली. तरी एका घरात दोन चुली झाल्या आणि बोलणं बंद पडलं. माझी बायको मेधा लहानपणी दोन महासत्तांमधली दूत होती.

"त्या पेकिंगवाल्याला सांग, नळाला पाणी आलंय."

"त्या मॉस्कोवाल्याला सांग, मला दिसतंय."

पुढे सोव्हिएत देशच उरला नाही आणि चीन जगाला इस्त्र्या विकू लागला. सोलापुरात हे कोणी कळवलं नसावं.

इथल्या जुन्या बाजारात अप्पांना मॉस्कोत छापलेले तीन लाल ग्रंथ सापडले. जर्मन भाषेतले.

"अप्पा, जर्मन वाचता येतं तुम्हाला?"

"सार ठाऊक आहे," म्हणाले, आणि ते उशाशी घेऊन झोपू लागले.

परतायच्या आठवड्यात सोलापूरहून फोन आला. वसंतकाकांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. काकू आता नाहीत. पोळ्यांना बाई येते, पण दुपारचा चहा काका स्वतःच करायला जातात आणि आधण अंगावर सांडून घेतात.

"अप्पा, काकांशी बोलता?" मेधाने विचारलं.

"आधी त्याने भूमिका बदलावी," म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू.

निघायच्या आदल्या दिवशी न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग ठेवली. सव्वीस किलो. तेवीसच चालतात. मी काही बोलायच्या आत अप्पांनी तिन्ही ग्रंथ काढून माझ्या हातात दिले. तेवढ्यात मला धोतरात गुंडाळलेली किटली दिसली. म्हातारा एकटाच केलरमध्ये जाऊन घेऊन आला होता.

"अप्पा, ही चिनी आहे."

"म्हणून तर. त्याला चालेल. माझ्या हातचा चहा तो घ्यायचा नाही." मग वायर उलगडून, "हिची पिन आपल्याकडे बसेल ना हो?"

मी अ‍ॅडॉप्टर शोधून दिला. अप्पा अंघोळीला गेल्यावर, जागा वाचावी म्हणून किटलीत मोजे कोंबायला झाकण उघडलं, तर आत चिठ्ठी. पन्नास वर्षांत भावाला मधे कोणी न घालता सांगितलेलं पहिलं वाक्य:

"वसंता, अर्धीच भर. उतू जाते."

मी झाकण लावलं आणि मोजे दुसरीकडे ठेवले.