लग्नाला अडणारा कॉम्प्युटर

सुमेधाच्या कॉम्प्युटरला बारसं चालायचं, मुंज चालायची, दशक्रियेचं निवेदनसुद्धा तो विनातक्रार उघडायचा. फक्त लग्न म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. पडद्यावर गणपती उमटायला लागायचा, सोंडेपर्यंत यायचा आणि सगळं ठप्प.

ठाण्यातल्या तिच्या टीचभर दुकानात पत्रिका टाइप करायचा जो प्रोग्रॅम होता, त्यात प्रत्येक कार्याच्या फायलीचा प्रकार वेगळा. प्रकार निवडला की चित्र, महिरप आणि शेवटचा मजकूर आपोआप यायचा; चित्र तेवढं काढता यायचं नाही. त्या दुपारी समोर कोळीवाड्यातले दामाजी नाखवा आणि सगुणाबाई बसले होते. त्यांच्या लेकीचं, शेवंतीचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका कार्ल्याच्या एकवीरा आईपुढे ठेवायची आणि मगच गावाला आमंत्रणं, हा त्यांचा रिवाज. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती आणि गणपती सोंडेशी अडला होता.

"नारल फोडू का?" दामाजींनी मनापासून विचारलं.

"फोडा काका, पण कॉम्प्युटरवर नको."

सुमेधाने कल्याणच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, त्या गणपतीचं चित्रच करप्ट झालेलं दिसतंय. दुसरा टाइप घ्या ना, त्यात मारा मॅटर!"

सुमेधाने बारशाचा प्रकार घेतला. मजकूर झकास बसला. कागद बाहेर आला तेव्हा शेवंतीच्या नावावर गुटगुटीत पाळणा झुलत होता.

"अगो बाय!" सगुणाबाई किंचाळल्या. "लगनाच्या आधी पालना? गावाला तोंड कसा दावू?"

मग मुंज. या वेळी शेंडी राखलेला, लंगोटीतला बटू अवतरला.

"ह्यो कोन? जावय?" दामाजी कागद लांब धरून म्हणाले. "आमचा जावय चांगला पॅन्ट घालतो गो."

आता उरला एकच प्रकार. त्यात चित्र नव्हतं, नुसती काळी चौकट. सुमेधाने ती गुपचूप काढून टाकली, मजकूर भरला आणि हा प्रकार कोणता, हे काही सांगितलं नाही. कागद सुंदर आला. बिचारीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दामाजी एकेका नावावर बोट ठेवत खाली आले. मामा होते, आत्या होती. तळाशी बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "शोकाकुल, दामाजी गोमाजी नाखवा."

सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, माफ करा! ते आपोआप आलं. आत्ता 'आपले नम्र' करते, द्या तो कागद."

दामाजींनी कागद सोडला नाही. त्या शब्दावरून त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"चुकला कुठं?" ते हळूच म्हणाले. "एकुलती एक पोर चाललीय घरातून. लोकांच्या पत्रिकेत नम्र कर, एकवीरा आईच्या पन. ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला.

सगुणाबाईंनी तो खिशातून ओढून काढला. आता दुकान डोक्यावर घेणार, म्हणून सुमेधाने डोळे मिटून घेतले. बाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं, पदराने नाक पुसलं आणि नवऱ्यावर कडाडल्या,

"एकलाच शोकाकुल? माझा नाव कुठं हाय?"