बाईंनी डोक्याला हात लावला

सहावी 'ब'च्या पालकसभेत तिसरे पालक समोर येऊन बसले, तेव्हा गणिताच्या बाईंचा उजवा हात पुन्हा डोक्यावर गेला आणि त्या दिवसाची सगळी भानगड तिथून सुरू झाली.

हात काही मुद्दाम गेला नव्हता. सहामाहीच्या एकशे चाळीस उत्तरपत्रिका बाईंनी चार दिवसांत तपासून हातावेगळ्या केल्या होत्या. त्याही पलंगावर मांडी घालून, पुढ्यात उशी, उशीवर गठ्ठा आणि गठ्ठ्यावर वाकवलेली मान. शेवटचा गठ्ठा बांधला आणि मानेतून एक कळ निघाली. ती खांद्यावरून दंडात उतरली आणि अंगठ्याशी जाऊन मुंग्या होऊन बसली. हात खाली सोडला की कळ, टेबलावर ठेवला तरी कळ. तळवा डोक्यावर टेकवला की मात्र थांबायची. हा शोध बाईंना केस धुताना लागला होता आणि तो त्यांनी घरात कोणालाही सांगितला नव्हता.

न सांगण्याचं कारण घरातच होतं. बाईंची सून फिजिओथेरपिस्ट होती. चारही दिवस ती जाता-येता म्हणत होती, "आई, पेपर टेबलावर घ्या. अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या मारा. मान बघा किती वाकलीये." शेवटी बाई म्हणाल्या होत्या, "तू पाटीवर एक-दोन गिरवत होतीस ना, तेव्हापासून पेपर तपासतेय मी. मला बसायला शिकवू नकोस." एवढं ऐकवल्यावर तिच्यासमोर डोक्यावर हात ठेवून फिरणं शक्यच नव्हतं. म्हणून घरी बाई दर पाच मिनिटांनी केस सारखे केल्याचं नाटक करत होत्या. वर्गात नाटकाची गरज नाही, असं त्यांना वाटलं. चुकलं ते तिथेच.

तिसरे पालक औषधांच्या दुकानाचे मालक होते. ते म्हणाले, "बाई, आमचा मुलगा घरी रोज दोन तास गणित करतो."

बाईंचा हात डोक्यावर गेला.

दुकानदारांनी हाताकडे बघितलं, मग बाईंकडे. "म्हणजे तुमचा विश्वास नाही."

"विश्वासाचा प्रश्न नाही. माझी मान दुखतेय."

"मुलाचं नाव काढल्याबरोबर दुखायला लागली?"

सभ्यता म्हणून बाईंनी हात खाली घेतला. कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली आणि चेहरा आपोआप वाकडा झाला. नेमका त्याच वेळी त्यांनी मुलाचा पेपर उघडला होता.

"आता तोंडही वाकडं करा," असं म्हणून दुकानदार पेपर न बघताच उठले.

बाई मनातून भडकल्या. माणसाने दुखलं तर दुखायचंही नाही का? त्यात पुढच्या पालक आल्या, बँकेत काम करणाऱ्या, नीटनेटक्या. "हिचा अभ्यास मी स्वतः घेते," त्या म्हणाल्या. बाईंचा हात पुन्हा वर गेला. "अपूर्णांक तर पूर्ण मीच शिकवलेत."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. मुलीच्या टापटीप मांडणीला उद्देशून त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. पण डोक्याला हात लावून म्हटलेलं 'ते दिसतंय' कोणत्या आईला गोड लागेल? त्या बाई लालबुंद होऊन निघून गेल्या.

पाचवे पालक वकील होते. ते फारसं बोलले नाहीत. "माझ्या मुलीबद्दल आपलं मत काय?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता डायरीत लिहून घेतलं : 'प्रश्न विचारला असता शिक्षिकेने डोक्याला हात लावला.' वेळही लिहिली.

बाहेर व्हरांड्यात या तिघांची गाठ पडली. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच मूल एवढं वाया गेलेलं आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठीही बाईंनी डोक्याला हात लावलाय हे कळल्यावर आधी तिघांना बरं वाटलं, मग राग आला. वकिलांनी उभ्या-उभ्या अर्ज लिहिला : 'सदर शिक्षिका पालकांसमक्ष डोक्याला हात लावून विद्यार्थी व पालक यांचा अवमान करतात.' अर्जावर नऊ सह्या झाल्या. त्यातल्या दोघांचा नंबर अजून यायचा होता. आपल्या वेळीही हात लावला जाणारच, हे गृहीत धरून त्यांनी सही केली होती.

अर्ध्या तासाने मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंविरुद्ध आलेला हा पहिला अर्ज. मुख्याध्यापकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, शाळेचं नाव सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे."

बाईंचा हात डोक्यावर होता.

"माझ्यासमोरसुद्धा?"

"सर, मान दुखतेय माझी. किती जणांना सांगू?"

"मान दुखते तर मानेवर हात ठेवा. डोक्यावर कशाला?"

बाईंना सगळ्यात जास्त संताप आला तो या प्रश्नाचाच. पटत नसलेला पण बिनचूक वाटणारा मुद्दा गणिताच्या माणसाला सहन होत नाही. त्यांचे डोळे भरून आले. ते बघून मुख्याध्यापक घाबरले, 'कामाचा ताण दिसतोय' असं पुटपुटले आणि त्यांनी परस्पर बाईंच्या घरी फोन केला. मुलाने तो बायकोच्या दवाखान्याकडे वळवला, आणि वीस मिनिटांत सून अंगातल्या पांढऱ्या कोटासकट शाळेत हजर झाली.

"या, बसा," मुख्याध्यापक तिला हळू आवाजात म्हणाले. "गैरसमज नको, पण घरी काही... म्हणजे सासू-सून म्हटलं की थोडंफार असतं..."

सुनेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती दारातूनच बाईंकडे बघत होती.

"आई, कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं आणि खाली घेतला की मुंग्या येतात. अंगठ्याकडे येतात ना?"

बाईंनी अंगठा मुठीत लपवला. मग म्हणाल्या, "सोमवारपासून."

सुनेने बाईंना आपली दोन बोटं घट्ट दाबायला लावली, दंड, कोपर, मनगट तपासलं आणि मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाली, "मानेपाशी नस दाबली गेलीये. हात वर ठेवला की तिच्यावरचा ताण कमी होतो, म्हणून तो आपोआप वर जातो. ताकद ठीक आहे. तरी आज डॉक्टरांनाही दाखवून घेते."

"म्हणजे हे नाटक नाही?"

"नाटक घरी चाललं होतं," सून म्हणाली.

मग तिने बाईंना मुख्याध्यापकांच्याच खुर्चीत बसवलं, पाठीशी टॉवेलची गुंडाळी लावली, हाताखाली फायलींचा गठ्ठा ठेवला. "खांदे सैल. मान ताठ करायची नाही, लांब करायची. हनुवटी हळूच मागे घ्या, खाली नाही. दुखलं तर लगेच थांबायचं." दाराशी नऊ पालक दाटीवाटीने उभे राहून हे बघत होते. एकतीस वर्षं 'सरळ बसा रे' म्हणून ओरडणाऱ्या बाई, कसं बसायचं ते सगळ्यांसमोर शिकत होत्या. बाईंना वाटलं, यापेक्षा अर्ज परवडला.

दुकानदारांनी पुढे होऊन माफी मागितली आणि मानेचा पट्टा पाठवून देतो म्हणाले. सुनेने पट्टा नको म्हणून सांगितलं. बँकेतल्या बाईंनी हळूच आपलाही खांदा दाखवून घेतला. अर्ज मागे घ्यायचं ठरलं, पण नंबर न आलेल्या त्या दोघांनी त्यासाठी सही करायला नकार दिला. आपला अपमान झालेलाच नाही, तर तो मागे कसा घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा सात सह्यांवर भागवावं लागलं.

घरी सुनेने बाईंना एक वही आखून दिली. चार व्यायाम, दिवसातून तीन वेळा, केल्यावर चौकटीत खूण. बाईंना हा शुद्ध अपमान वाटला, पण दुखणं खरं होतं, म्हणून त्यांनी पहिले पंधरा दिवस मुकाट्याने व्यायाम केले. पेपर टेबलावर आले. मुंग्या अंगठ्यातून मनगटात, मनगटातून कोपरात सरकल्या आणि एक दिवस गेल्या. हात खाली आला. मग बाईंना वेळ मिळेना.

एका रविवारी सकाळी सुनेने वही मागितली. बाईंनी ती ऐटीत पुढे केली. सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या.

सुनेने एकेक चौकट बोट ठेवून तपासली. "आई, बुधवारपासूनच्या सगळ्या खुणा एकाच शाईच्या आहेत."

"पेन तेच आहे माझं."

"आज रात्रीच्या व्यायामाचीही खूण आहे. आत्ता सकाळचे दहा वाजलेत."

बाईंनी असल्या शेकडो वह्या पकडल्या होत्या. असल्या वह्यांवर मुलं काय काय सांगतात आणि त्यातलं एकही अक्षर कसं खरं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांच्या तोंडून निघालं, "केले होते. फक्त खुणा करायच्या राहिल्या होत्या."

सुनेने वही मिटली. "असं असेल तर मला तुमच्या पालकांना बोलवावं लागेल."

बाईंची आई शहाऐंशी वर्षांची होती. चार गल्ल्या पलीकडे धाकट्या मुलाकडे राहायची, अजून काठीशिवाय चालायची, आणि मुलगी पोक काढून चालते ही तिची पन्नास वर्षांची एकमेव तक्रार होती. सून थट्टा करतेय की काय, हे बाईंनी नीट निरखून पाहिलं. सुनेच्या हातात फोन होता.

"तिला काही सांगू नकोस," बाई म्हणाल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "किती वेळा?"

"दहा."

हनुवटी मागे घेत बाई तणतणत मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ.

"सातवा राहिला," सून म्हणाली.